वायरमनची गाडी

"वस्तू पसंत पडेपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नको," असं सुचिताचे वडील तिला एकदा म्हणाले होते, आणि तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

तेव्हा ती नांदुऱ्यात अकरावीला होती. कॉलेजात जायला जुनी सायकल पाहायची म्हणून बापलेक रेल्वे फाटकापलीकडच्या एका घरी निघाले होते. भगवंतरावांची सारी उमर अडतीत धान्याचा माल पाहण्यात गेलेली. वाटेत ते म्हणाले, "पाणी पोटात गेलं का जीभ जड होते पोरी. खोट दिसते, पण मंग बोलता येत नाई." सुचिता सायन्सला होती. पाण्याचा आणि जिभेचा असा संबंध तिनं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. त्या घरच्या आजीनं तिखटमीठ लावून पेरूच्या फोडी पुढं केल्या, त्या तिनं खाल्ल्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायली. सायकलच्या मागच्या चाकाला आऊट होता, फिरताना ते डुलत होतं. तो तिलाही दिसत होता, वडिलांनाही दिसत होता. सायकल घरी आली. पुढची चार वर्षं ती लचकत लचकत कॉलेजात गेली आणि भगवंतराव त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त ती निघाली की ओट्यावरून विचारायचे, "पेरू गोड होते ना?"

हे सगळं तिला आठवलं ते बारा वर्षांनी, बीबी गावच्या रस्त्याला लागून असलेल्या एका शेतातल्या घरात. तिच्या हातात चहाची कपबशी होती आणि अर्धा चहा पोटात गेलेला होता.

खरं तर त्या दिवशी ती सौदा करायला निघालीच नव्हती. मोडायला निघाली होती.

पोळा झाला आणि शेषरावांनी बैलजोडी विकली, तेव्हापासून घरात मोटारसायकलचा विषय निघाला होता. सुचिताचे सासरे त्रेसष्ट वर्षांचे. शेत घरापासून चार किलोमीटर. बैलगाडी होती तोवर ते आपल्या मर्जीनं जात, मर्जीनं येत. बैल गेले आणि ते रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात दाखवू लागले. कोणाच्या मागं बसून आलेला सासरा अंगणात उतरताना सुचितानं पाहिला, की तिला वाटे, यांचं काहीतरी हरवलंय आणि ते शोधायलासुद्धा लाजतायत. मग एक दिवस त्यांनी धाकट्या मुलाला, शिवमला, खळ्यात त्याची गाडी उभी करायला लावली आणि म्हणाले, "शिकव." दोन महिन्यांनी पक्कं लायसन्स घरी आलं. त्यावरच्या फोटोत त्यांनी टोपी काढली होती, म्हणून सासूबाईंनी आधी ओळखलंच नाही.

"या वयात माणूस तीर्थाले जाते," सुभद्राबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हे गाडी घेऊन राह्यले. जिंदगीत पयली."

"पयली हाय म्हणूनच जुनी घेऊन राह्यलो," शेषराव म्हणाले. "नवी पाडली तं तूच बोलशीन."

"म्हंजे पाडायचं ठरलंच हाय."

शिवम हसला. "आबा, एक ध्यानात ठेवा. गाडीले वेसण नसते. ओढून नाई थांबत, दाबून थांबते."

"मले माईत हाय बे. तूच शिकवलं ना?"

"म्हणूनच तं भेव वाटते."

सुचिता चुलीपाशी बसून हे ऐकत होती आणि डोळ्यांनी आपल्या मुलीला शोधत होती. तिला ती सवयच लागली होती. रस्त्यावर ब्रेक किंचाळला की आधी प्रतीक्षा कुठं आहे ते पाहायचं, मग रस्ता. चार वर्षांची प्रतीक्षा त्या वेळी उशीवर पाय टाकून बसली होती आणि तोंडानं गाडी चालवत होती. आबांनी तिला सांगून ठेवलं होतं, "तुले टाकीवर बसवून बालवाडीत नेईन." तेव्हापासून त्या घरातली एकही उशी जागेवर राहिली नव्हती.

ती टाकी सुचिताच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पुढं पोरगी, मागं म्हातारा, मधे एखादं कुत्रं आडवं.

चिखलीला कापसाच्या जिनिंगात नोकरीला असलेला तिचा नवरा गोपाल फक्त शनिवारी घरी येई. त्यानं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "मी नाई म्हणलं तं बापलेकात वाजते. तू सोबत जा, कायतरी खोट काढ. शिकलेली म्हणून तुह्यं ऐकतात आबा." सुचितानं कबूल केलं होतं. तिनं मोबाइलवर वाचून जुन्या गाडीत काय काय पाहावं याचे अकरा मुद्दे वहीत उतरवून घेतले होते. अकरांतला एक तरी मुद्दा आपल्या बाजूनं उभा राहील, अशी तिची खात्री होती.

निघताना सुभद्राबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तिच्या पिशवीत काहीतरी टाकलं. सुचितानं पाहिलं. नारळ होता आणि हळदीकुंकवाची पुडी.

"आत्याबाई, तुम्ही तर नको म्हणत होता."

"मी आजूक नकोच म्हंते," सासूबाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या. "पण पसंत पडली तं तशी बोडकी आणू नका."

म्हणजे सासूबाई फुटल्या होत्या. गोपाल आणि आपण, असे दोघंच आता विरोधात उरलो, हे सुचिताला उंबऱ्यातच कळलं.

शिवमनं तिघांनी त्याच्याच गाडीवर जायची सूचना केली, ती तिनं नुसत्या नजरेनं उडवून लावली. काळीपिवळी जीपनं ते फाट्यावर उतरले आणि धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून चालत त्या घरी पोचले. साडेनऊ वाजले होते. दारात निंबाखाली गाडी उभी होती. काळी, लाल पट्ट्याची, शंभर सीसीची. विकणारी बाई गोजरबाई, पासष्टीच्या आसपासची, हात पुशीत बाहेर आली.

"पाह्यून घ्या भाऊ," ती शेषरावांना म्हणाली. "म्या काई सांगत नाई. गाडीच सांगन."

शेषरावांनी पायातल्या वहाणा काढल्या. का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बैल पाहायला गेले की ते काढत. आधी ते गाडीच्या मागं दहा पावलं जाऊन उभे राहिले. मग डावीकडून पाहिली, मग उजवीकडून. मग खाली बसून चेनच्या चक्रावर बोट फिरवलं.

"दात झिजले नाईत," ते म्हणाले.

"आता शेपटी उचलून पाहा," शिवम पुटपुटला.

शेषराव पुन्हा मागं गेले आणि या वेळी बराच वेळ तिथंच उभे राहिले.

सुचितानं वही उघडली. पहिलाच मुद्दा होता, इंजिन थंड असताना पाहावे. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो, म्हणजे सुरू व्हायला त्रास देत असेल तर ते लपतं. तिनं इंजिनाला तळहात लावला आणि झटकन काढला.

"इंजिन गरम आहे."

ती गोजरबाईकडं वळली.

"आम्ही येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली होती ना मावशी?" तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढला होता.

"चालू केली व्हती," गोजरबाई म्हणाली. "तुमच्यासाठी नाई. रोजच करते."

"रोज? चालवतं कोण?"

"कोनी नाई."

शिवमनं सुचिताकडं पाहून भुवया उडवल्या. सुचिताला मनातून हायसं वाटलं. पहिल्याच मुद्द्यात घावलं. पण एकदम उठून जाणं बरं दिसलं नसतं. ती म्हणाली, "मग गार होऊ द्या. गार इंजिनावर सुरू करून पाहू."

"वहिनी बराबर बोलून राह्यली," शिवम म्हणाला.

"होऊ द्या ना," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "दोन घंटे लागतीन. बसा. तवरोक चहा ठेवते."

"नको, आम्ही पिऊन आलोय."

"दोन घंटे कोरड्या तोंडानं बसशीन का माय? या घरात तशी रीत नाई."

असा तो चहा आला होता. तिनंच मागितलेल्या दोन तासांपायी. अर्धा कप संपल्यावर तिला नांदुऱ्याचे पेरू आठवले, आणि ओट्यावरून विचारणारे वडील.

"तुमचं नाव काय म्हणलं बाई?" शेषराव बाजेवर बसत गोजरबाईला म्हणाले. "म्हंजे, घरधन्याचं?"

"तुळशीराम. वायरमन व्हते."

शेषरावांनी कप खाली ठेवला. "मंग ह्या गाडीचा आवाज मले माईत हाय."

आणि तो सुचितालाही माहीत होता. शेषरावांनी आवाजाची गोष्ट काढली आणि तिला सहा वर्षांपूर्वीचा, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. गावची विजेची डीपी जळाली होती. तीन दिवस पंखा नाही, पाणी नाही. चौथ्या दिवशी दिवस बुडायच्या वेळी सगळं गाव एकाएकी गप्प झालं. तिला कळेना काय झालं. सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि कान वेशीकडं लावला. लांबून एक गाडी येत होती, मधेच ठसका लागल्यासारखा आवाज करत. "वायरमन आला," कोणीतरी म्हणालं, आणि घराघरांत माणसं उठली. कोणी मोटारीचा स्टार्टर पाहायला पळालं, कोणी पिठाचा डबा घेऊन गिरणीवर. उजेड अजून यायचा होता. पण तो आवाज आला, की आलाच म्हणून समजायचं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या संध्याकाळी सासूबाई तिच्याशी हसून बोलल्या होत्या. त्या घरातली तिची पहिली चांगली आठवण तीच होती. तो आवाज अलीकडे येत नाही, हे तिच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

"मागच्या आखाजीले गेले," गोजरबाई सांगत होती. "चाळीस वर्षं खांबावर चढले, कधी चटका बसला नाई. आन गेले साध्या तापानं."

"आन रोज चालू काऊन करता मंग?" शिवमनं विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"नऊले निघत व्हते ते. गाडी चालू करून ठेवत, आन मी डबा बांधू. डबा झाला का जात. आता डबा नाई. पण नऊ वाजले का कान लागते माह्या तिकडं." ती पदरानं उगाचच बाज झटकू लागली. "बटण हाय, दाबलं का होते चालू. पण बॅटरी म्हातारी झाली. दोन दोन खेपा दाबा लागते. किक माह्यानं बसत नाई. उद्या बंद पडली तं जाग्यावर गंजून जाईन. पोरगा पुण्याले. थो म्हंते, भंगारात देऊन दे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. म्या म्हणलं, चालवणारा पाह्यून देईन."

सुचितानं वही मिटली. मघाच्या आपल्या आवाजाची तिला लाज वाटत होती. पण मन पुन्हा टाकीवर बसलेल्या पोरीकडं गेलं आणि तिनं वही परत उघडली. कागद. गोजरबाईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवले होते. आरसी तुळशीरामाच्या नावावर, मृत्यूचा दाखला सोबत.

"हे आधी तुमच्या नावावर करावं लागेल, मग आमच्या. वेळ जाईल."

"जाऊ दे. मले कोठी जायचं हाय?"

"आणि दोन्ही चाब्या लागतील."

गोजरबाईनं मान हलवली. "एकच देईन. दुसरी नाई देत."

"मावशी," शिवम म्हणाला, "दुसरी चाबी तुमच्याजवळ राह्यली तं आमची गाडी काऊन म्हणावं तिले?"

"मंग मी काय चोरून नेईन का बे? किक तं बसत नाई माह्यानं." मग ती शेषरावांकडं वळली. "भाऊ, बैल इकले म्हणले ना तुम्ही? दावं देलं का?"

"नाई देलं. गोठ्यात खुंटीले हाय."

"मंग."

"दावं देत नसतात, शिवम," शेषराव म्हणाले. त्यांच्यापुरता तो मुद्दा तिथंच संपला होता. गोठ्यातली ती रिकामी दावी रोज सकाळी आबा हातानं सरळ करतात, हे शिवमनंही पाहिलेलं होतं.

सुचिता उठून गाडीमागं गेली. आपल्या अकरा मुद्द्यांत नसलेलं काहीतरी सासऱ्यांनी तिथं पाहिलं होतं. शेषराव तिच्या मागोमाग आले.

"मामाजी, तुम्ही इथं काय पाहत होता?"

त्यांनी आवाज बारीक केला. "डावीकडं बसली हाय. पाह्य ना. डाव्या अंगाले शिडीचा हूक हाय, जोडलेला. इतकी वर्षं त्या बाजूनं शिडी वाहिली तिनं. एकाच अंगाले जुंपलेला बैल असाच होते."

तिनं पाहिलं. गाडी खरंच डावीकडं दोन बोटं झुकली होती. ही होती ती खोट. गोपालला सांगायला, सौदा मोडायला, अगदी बिनतोड.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

शेषराव थोडे ओशाळले. "चहा घेतला ना आपण."

सुचिता त्यांच्याकडं पाहतच राहिली. एका बापानं जे टाळायला शिकवलं होतं, त्याच गोष्टीला हा दुसरा बाप मुकाट्यानं बांधला गेला होता. आणि तीही.

साडेअकराला तिनं इंजिनाला पुन्हा हात लावला. माठासारखं गार. शेषराव टांग टाकून बसले. पहिली किक फुकट गेली. दुसऱ्या किकेला गाडीला ठसका लागला आणि ती सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. तोच आवाज, वेशीवरून येणारा.

सुचितानं वळून पाहिलं. गोजरबाई दारात नव्हती. ती आत, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, भिंतीकडं तोंड करून उभी होती, आणि तिचे हात काहीतरी बांधत होते. समोर डबा नव्हता.

तेवढ्यात मोबाइल वाजला. गोपाल.

"निघाली का खोट?"

"निघाली."

"बरं झालं. मंग या आता."

"डावीकडचं शॉकअप बसलंय," सुचिता म्हणाली. "ते बदलून घेऊ. गाडी घेतोय आपण."

पलीकडं जिनिंगच्या मशिनी ऐकू येत होत्या. मग गोपाल म्हणाला, "तू बी फुटली म्हंजे."

"अर्धीच," ती म्हणाली आणि फोन ठेवला. उरलेल्या अर्ध्यासाठी ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "मामाजी, हेल्मेट. शेतात जातानासुद्धा."

"घालीन."

"आणि प्रतीक्षा टाकीवर बसणार नाही. मागंही नाही. सात वर्षांची होईपर्यंत."

"सहा," शेषराव म्हणाले.

"सात."

"म्या तिले कबूल केलं हाय, सुचिता."

"तिला मी सांगेन. सात."

त्या दिवशीची खरी घासाघीस एवढीच झाली. किमतीचं बोलणं त्यापुढं दोन वाक्यांत मिटलं होतं. शेषरावांनी गाडीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बरं. सात."

कागद होऊन गाडी न्यायला ते पुन्हा आले तेव्हा सासूबाईंचा नारळ कामी आला. बाहेर काढायच्या आधी गोजरबाईनं गाडीचं तोंड एकदा घराकडं करायला लावलं. दिव्याला हळदकुंकू लावलं. मग एवढंच म्हणाली, "बाजाराले जाता ना बीबीले? जाता जाता दोनदा हॉर्न वाजवत जा. मी पाह्यीन बाहेर येऊन."

शेषरावांनी ते पाळलं. आठ महिने एक बाजार चुकला नाही. घरी आले की हेल्मेट काढत आणि न विचारता सांगत, "आली व्हती बाहेर." कधी सांगत, ती चाबी हातात धरून उभी असते, वर करून दाखवते. सुचिता ते ऐके आणि मगच तिच्या जिवाला स्वस्थ वाटे. खुशालीची खबर एका फेरीत दोन माणसांची येत होती.

मग शेषरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलं. शिवम नोकरीच्या परीक्षेसाठी अमरावतीला गेलेला, गोपाल चिखलीत. सासऱ्यांच्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब टाकायचं काम सुचिताचं, म्हणून तिलाही घरातून हलता येत नाही. गाडी अंगणात, डावीकडं न झुकता, सरळ उभी. तीन बाजार तसेच गेले. सुचिता रोज सकाळी नऊला गोजरबाईला फोन लावते. घंटी जाते, कोणी उचलत नाही. फोन डब्यात ठेवून ती वावरात जाते, हे सुचिताला माहीत आहे. तरी तिला घास गोड लागत नाही. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले सासरे ओट्यावरून विचारतात, "उचलला का?" आणि ती म्हणते, "नाही अजून."

म्हणून तिनं आता दिसेल त्याला सांगायला सुरुवात केली आहे. दूधवाल्याला सांगितलं, जीपवाल्याला सांगितलं, आणि तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे. बीबीच्या बाजाराला निघालात, तर फाट्याच्या पुढं डाव्या हाताला निंबाचं झाड असलेलं एक घर लागतं. तिथं थोडं थांबा. गाडी कोणतीही असू द्या, दोनदा हॉर्न वाजवा. एक म्हातारी हातात चाबी घेऊन बाहेर आली का, तेवढं पाहा. आणि आली नाही, तर तसेच पुढं जाऊ नका. खाली उतरा, आत जाऊन बघा. चहा दिला तर घ्या.